यंत्राचा तर्जुमा आणि भाषेचे विद्यार्थी

पुण्याहून नगरकडे जाताना शिरूर मागे पडले आणि वाडेगव्हाणच्या फाट्यावरून आत वळले, की थोड्याच अंतरावर राळेगणसिद्धी लागते. पारनेर तालुक्यातील, पर्जन्यछायेच्या प्रदेशातील हे गाव १९७५ साली अण्णा हजारे लष्करी सेवेतून परतल्यानंतर कसे पालटत गेले, याची हकिकत मराठी वाचकाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु त्या हकिकतीचे एक अंग असे आहे, की ज्याचा विचार आपण क्वचितच करतो. यादवबाबांच्या मंदिरातील बैठकी, ग्रामसभेचे ठराव, श्रमदानाची आवाहने, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांकडे धाडलेले अर्ज हे सारे मराठीत घडले, आणि गावाची कीर्ती मात्र महाराष्ट्राबाहेर पसरली ती हिंदीतून, इंग्रजीतून आणि परदेशी अभ्यासकांनी आपापल्या भाषांत लिहिलेल्या अहवालांतून. जगाने राळेगण ओळखले ते कुणा ना कुणा भाषांतरकाराच्या मध्यस्थीने. आणि त्या भाषांतरकाराने काय निवडले, काय गाळले, कोणत्या क्रियेचा कर्ता कोणाला ठरवले, यावर जगाच्या मनातील राळेगण बरेचसे अवलंबून राहिले.

हे काम आता खिशातल्या फोनवर क्षणार्धात होते. पारनेरच्या, नगरच्या किंवा पुण्याच्या महाविद्यालयात इंग्रजी, हिंदी, जर्मन वा जपानी भाषा हा विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणारा विद्यार्थी गृहपाठाचा उतारा यंत्राच्या चौकटीत टाकतो, खाली उमटलेला मजकूर उचलतो, दोन शब्द इकडचे तिकडे करतो आणि वहीत उतरवून काढतो. ही प्रथा आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील अध्यापकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत परभाषा शिकणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी आपण अशी साधने वापरतो असे मोकळेपणाने सांगितले होते, आणि तेव्हाची यंत्रे आजच्या मानाने फारच अडखळत बोलणारी होती. तेव्हा विद्यार्थी यंत्र वापरतात काय, हा प्रश्न आता उरलेला नाही. ज्याच्या शिक्षणाचा विषयच भाषा आहे, त्याने ते केव्हा आणि कोणत्या हेतूने वापरावे, हा प्रश्न मात्र अत्यंत निकडीचा आहे, आणि त्याचा विचार व्हावा तितक्या गांभीर्याने आपल्या महाविद्यालयांतून होताना दिसत नाही.

यंत्राकरवी भाषांतर करण्याची कल्पना दिसते त्याहून जुनी आहे. अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी १९४९ साली तिचे टिपण लिहिले. १९५४ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आय.बी.एम. कंपनी यांनी मिळून साठाहून काही अधिक रशियन वाक्यांचे यंत्राने केलेले इंग्रजी भाषांतर जाहीरपणे दाखवले. त्या यंत्राजवळ अवघे २५० शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम होते, तरी थोड्याच वर्षांत हा प्रश्न पुरता सुटेल असा विश्वास जाणत्या माणसांना वाटू लागला. तो विश्वास टिकला नाही. १९६६ साली अमेरिकेत नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने प्रतिकूल अहवाल दिला आणि पैशाचा ओघ आटला. पुढे नियमांचा मार्ग बाजूला ठेवून, माणसांनी आधीच केलेली लक्षावधी भाषांतरे यंत्रापुढे मांडायची आणि त्यांतील संभाव्यतेचा हिशेब त्यालाच करू द्यायचा, ही रीत रूढ झाली. गूगलची भाषांतर सेवा २००६ साली सुरू झाली. तीत मराठीचा समावेश २०१३ च्या मे महिन्यात झाला, आणि मेंदूतील पेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर रचलेल्या नव्या गणिती पद्धतीचा लाभ मराठीसह नऊ भारतीय भाषांना २०१७ च्या एप्रिलपासून मिळू लागला. ज्यांनी त्याच्या आधीची मराठी भाषांतरे पाहिली आहेत, त्यांना तो फरक सांगावा लागत नाही. सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ च्या जुलैत आला, मद्रासच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी पुढच्याच वर्षी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांसाठी भाषांतराचे यंत्र खुले केले, आणि दरम्यान संवाद साधणारी चॅटजीपीटीसारखी साधने आली, जी भाषांतर तर करतातच, शिवाय त्याचे स्पष्टीकरणही देतात.

या यंत्राला अर्थ कळतो काय, या वादात मी शिरत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ध्यानात घेण्याची गोष्ट एवढीच, की पूर्वी कोणी कोणत्या वाक्यासमोर कोणते वाक्य ठेवले होते, याच्या अफाट दप्तरावरून ते अंदाज बांधते. जिथे ते दप्तर मोठे आहे, तिथे अंदाज चोख ठरतो. इंग्रजी आणि फ्रेंच यांच्यामध्ये असे साहित्य डोंगराएवढे आहे. मराठी आणि इंग्रजी यांच्यामध्ये त्या मानाने पुष्कळ कमी, आणि जे आहे त्यात बातम्या, सरकारी परिपत्रके आणि धर्मग्रंथ यांचा भरणा मोठा. पारनेर तालुक्यातील शेतकरी पाण्याविषयी, जमिनीविषयी, जनावरांविषयी ज्या मराठीत बोलतो, ती मराठी या दप्तरात फारच थोडी नोंदली गेलेली आहे.

असे असूनही यंत्राच्या बाजूने जे म्हणायचे, ते आधी म्हटले पाहिजे, कारण शहरी विद्वानांच्या टीकेत ते सहसा सुटून जाते. राळेगणसिद्धीच्या शाळेने एके काळी एक असामान्य गोष्ट केली होती: इतर शाळांनी नाकारलेल्या नापास मुलांना तिने बोलावून प्रवेश दिला आणि वसतिगृहात ठेवून शिकवले. ग्रामीण महाराष्ट्रात नापासाचा शिक्का बसतो तो प्रायः दोन विषयांमुळे, गणित आणि इंग्रजी. घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, गावात ग्रंथालय असले तरी त्यात चांगला द्विभाषिक कोश नाही, खाजगी शिकवणीला पैसे नाहीत, आणि शिक्षकाला अडचण विचारावी तर वर्गात साठ-सत्तर मुले. अशा मुलाच्या हाती आज जे साधन आले आहे, ते त्याला रात्री अकरा वाजताही न कंटाळता वाक्याचा अर्थ सांगते, त्याच्या अडाणी प्रश्नाला हसत नाही आणि त्याची परीक्षा घेत नाही. जे साहाय्य पुण्यातल्या सुखवस्तू घरातील मुलाला आई-वडिलांकडून, शिकवणीकडून आणि कपाटातल्या कोशांकडून नेहमीच मिळत आले, त्याचा काही अंश खेड्यातल्या मुलाला प्रथमच मिळतो आहे. हे साधन त्याच्या हातून काढून घ्या असे म्हणण्याचा अधिकार मला तरी कोणाला आहे असे वाटत नाही.

परंतु वाचून समजून घेण्यासाठी साहाय्य घेणे निराळे आणि आपण करावयाचे भाषांतर दुसऱ्याकडून करवून घेणे निराळे. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून अगदी साधे वाक्य घेऊ. राळेगणवरील एखाद्या मराठी उताऱ्यात असे येईल: ‘ओढ्यांवर बंधारे घातले, चराई बंद केली, दारूच्या भट्ट्या बंद केल्या आणि हळूहळू विहिरींना पाणी आले.’ मराठी वाचकाला यात काहीच अडत नाही. पण हे वाक्य इंग्रजीत न्यायला बसले, की पहिल्याच क्रियापदाशी थांबावे लागते, कारण बंधारे घातले कोणी, हे मराठीने सांगितलेलेच नाही. आपली सकर्मक भूतकाळी क्रियापदे कर्माच्या लिंगवचनाने चालतात आणि कर्ता अध्याहृत ठेवण्याची त्यांना पूर्ण मुभा आहे. इंग्रजीला तशी मुभा नाही. तिथे ‘आम्ही’, ‘त्यांनी’, ‘गावकऱ्यांनी’ यांपैकी काही तरी लिहावे लागते, नाही तर सगळे वाक्य कर्मणी करून जबाबदारी झाकून टाकावी लागते. जर्मनमध्ये अनिर्दिष्ट माणसासाठी एक सोयीचे सर्वनाम आहे, पण ते वापरले तर गावाचा उद्योग कुठल्याशा निनावी समाजाच्या खात्यावर जमा होतो.

यंत्र यातले काही तरी एक निवडते, बहुधा कर्मणी रचना किंवा ‘त्यांनी’, आणि पुढे जाते. वाक्य व्याकरणशुद्ध असते. गुण देणाऱ्या शिक्षकाला त्यात लाल शाई लावण्याजोगे काही सापडणार नाही. मात्र राळेगणच्या कथेचे सारे मर्म त्याच रिकाम्या जागेत आहे. बंधाऱ्यांच्या कामात सरकारी योजनांचा पैसा होता आणि गावकऱ्यांचे श्रमदानही होते. चराईबंदी ही गावाने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त होती. आणि भट्ट्यांच्या बाबतीत तर मंदिरात झालेल्या निश्चयानंतर अनेक भट्टीवाल्यांनी आपला धंदा आपणच बंद केला, हीच त्यातील विशेष गोष्ट. म्हणजे एकाच वाक्यातील तीन क्रियांचे कर्ते तीन निरनिराळे आहेत, आणि ते कोण, हे वाक्याबाहेर जाऊन, गावाची माहिती काढून, शक्य तर एखाद्या वृद्ध गावकऱ्याला विचारून ठरवावे लागते. जो विद्यार्थी असे विचारायला जातो, त्याला त्या एका वाक्यापायी मराठीच्या प्रयोगव्यवस्थेचे, इंग्रजीच्या वाक्यरचनेचे आणि आपल्याच तालुक्याच्या इतिहासाचे जे ज्ञान होते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून होणार नाही. ज्याने यंत्राचे वाक्य उचलले, त्याला इथे काही प्रश्न होता याचाच पत्ता लागत नाही, आणि माझ्या मते खरी हानी ती हीच. चुकीचे उत्तर सुधारता येते; जो प्रश्न कधी पडलाच नाही, तो सुधारायचा कसा?

परदेशी भाषांच्या बाबतीत ही गोष्ट पोटापाण्याशीही जोडलेली आहे. राळेगणपासून फार दूर नसलेल्या सुपे येथे औद्योगिक वसाहत आहे आणि जपानी उद्योगांसाठी देशात जी क्षेत्रे मुक्रर झाली आहेत, त्यांत तिचा समावेश आहे. जपानी शिकण्याची पुण्यातील परंपरा जुनी आणि भक्कम. विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन यांच्या जोडीने जपानीचे वर्ग कित्येक वर्षे भरत आले आहेत, आणि जपानीच्या आंतरराष्ट्रीय प्रावीण्य परीक्षेचे पुणे हे एक नेहमीचे केंद्र आहे. पारनेर तालुक्यातील मुलगा किंवा मुलगी तिथे शिकून सुप्यातल्या कारखान्यात दुभाष्या म्हणून उभी राहावी, यासारखी आनंदाची गोष्ट कोणती? पण तिच्या कामाचे स्वरूप काय असेल याचा विचार करा. एका बाजूला जपानी अभियंता, दुसऱ्या बाजूला मराठी कामगार, मध्ये चालू असलेले यंत्र. सूचना सुरक्षिततेची आहे आणि ती आत्ता, या क्षणी, समोरच्या माणसाच्या हुद्द्याला आणि वयाला शोभेल अशा भाषेत सांगायची आहे.

इथे यंत्र कुठे उणे पडते ते पाहण्याजोगे आहे. मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. जपानीत आदराची व्यवस्था याहूनही सूक्ष्म असून ती सर्वनामापुरती न राहता क्रियापदाच्या रूपात उतरते. या दोन भाषा आदराच्या बाबतीत एकमेकींना सहज समजून घेतील अशा आहेत, आणि कर्ता अध्याहृत ठेवण्याची सवयही दोघींना आहे. परंतु मराठी आणि जपानी यांच्यामध्ये थेट भाषांतरित साहित्य अत्यल्प असल्यामुळे अनेक भाषांतर सेवा आधी मराठीचे इंग्रजी करतात आणि मग इंग्रजीचे जपानी. मधल्या मुक्कामावर तू, तुम्ही आणि आपण या तिघांचे एकच सर्वनाम होते, गाळलेला कर्ता बळेच घातला जातो, आणि पुढच्या प्रवासात तो भेद परत मिळवण्यास यंत्रापाशी काही आधार उरत नाही. मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला जपानी शिकताना जो निसर्गदत्त लाभ आहे, तो यंत्राच्या मार्गाने गेल्यास तो स्वहस्ते गमावतो. आपल्या मुलांनी जपानी वाक्य जुळवताना इंग्रजीला बाजूला ठेवून मराठीतून विचार करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

भाषांतराच्या कष्टांतून विद्या कशी अंगी मुरते, याचे उदाहरण शोधायला नगर जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे पुढारी नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. पंडित नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील उर्दू पत्रे लिहिली, हे पुष्कळांना ठाऊक असते, पण आचार्य नरेंद्र देव त्याच भिंतींच्या आत काय करीत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध तत्त्वज्ञानावरील दुर्घट ग्रंथाचे, बेल्जियन पंडित लुई द ला वाले पूसँ यांनी केलेले फ्रेंच भाषांतर ते हिंदीत आणीत होते. मूळ ग्रंथ संस्कृत. तो लुप्त झाला असे मानले जात असल्याने पूसँ यांना चिनी आणि तिबेटी भाषांतरांच्या आधाराने काम करावे लागले होते. आणि त्यांच्या फ्रेंचवरून आता एक भारतीय पंडित तो ग्रंथ संस्कृतच्याच परिवारातील एका भाषेत परत आणीत होता. प्रत्येक पारिभाषिक शब्दापाशी त्यांना किती थांबावे लागले असेल, याची कल्पना ज्याने एखादे पानही भाषांतरित केले आहे त्याला येईल. बौद्ध दर्शनावरील त्यांच्या पुढच्या हिंदी ग्रंथात जो अधिकार जाणवतो, तो अशाच कष्टांनी आलेला आहे. आजच्या यंत्राला ते फ्रेंच पुस्तक दिले तर तासाभरात हिंदी प्रत मिळेल हे खरे, आणि ती कदाचित उपयोगीही पडेल. पण तिच्यातून नरेंद्र देव निर्माण होणार नाहीत. विद्यापीठातील भाषेच्या वर्गाचा हेतू भाषांतरित पाने साठवण्याचा कधीच नव्हता. ती पाने परीक्षकाने वाचून रद्दीत जायची असतात. मागे राहायचा तो ती लिहिणारा माणूस.

मग बंदी घालावी काय? बंदीचा हुकूम काढणे सोपे आहे, पण त्याची अंमलबजावणी कोणत्याही प्राचार्याच्या हातची नाही. विद्यार्थी फोन बाहेर ठेवील आणि गृहपाठ घरीच करील. शिवाय न्यायालये आणि शासनसंस्था स्वतः हे साधन स्वीकारत असताना विद्यार्थ्याला ते निषिद्ध ठरवणे सुसंगतही दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ‘सुवास’ नावाची प्रणाली आणली आणि तिच्या साहाय्याने निकालपत्रे मराठीसह अनेक भारतीय भाषांत येऊ लागली. अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके भारतीय भाषांत आणण्यासाठीही अशीच साधने राबवली जात आहेत. पण या ठिकाणी यंत्राचा मजकूर कच्चा मसुदा म्हणून घेतला जातो आणि जाणता भाषांतरकार तो मुळाशी ताडून पाहतो, दुरुस्त करतो, हे विसरता कामा नये. या तपासनिसाच्या जागेवर उद्या आपलाच विद्यार्थी बसायचा आहे. ज्याने स्वतः कधी मसुदा केला नाही, तो दुसऱ्याच्या मसुद्यातला दोष कशाच्या बळावर ओळखणार?

म्हणून क्रम महत्त्वाचा. विद्यार्थ्याने आधी उतारा स्वतः, कोश हाताशी घेऊन, कितीही ओबडधोबड होवो, पण संपूर्ण भाषांतरित करावा. नंतर यंत्राचे भाषांतर शेजारी ठेवावे आणि दोहोंत जिथे जिथे अंतर दिसेल तिथे कोणाचे बरोबर आणि का, हे कारणासहित लिहून काढावे. पुष्कळ वेळा यंत्राचेच बरोबर निघेल. ते निःसंकोच मान्य करावे, कारण त्यातूनही शिकायलाच मिळते. काही वेळा मात्र विद्यार्थ्याचे बरोबर निघेल, आणि त्या वेळी त्याला जो आत्मविश्वास येईल, तो पहिल्या श्रेणीच्या गुणपत्रकानेही येत नाही. शिक्षकांनी अंतर्गत गुण द्यावेत ते या कारणमीमांसेला. नितळ अंतिम प्रतीला गुण देण्याची जुनी पद्धत आता निरर्थक झाली आहे, कारण नितळपणा फुकट मिळू लागला आहे. असे पेपर तपासायला वेळ अधिक लागेल, आणि तासिका तत्त्वावर राबवल्या जाणाऱ्या, तुटपुंज्या मानधनावरच्या तरुण अध्यापकांकडून तो वेळ मागणे अन्यायाचे आहे, याची मला जाणीव आहे. विद्यापीठाने भाषाविषयांच्या कार्यभारात याची तजवीज करावी, ही मागणी अध्यापकांनी लावून धरली पाहिजे.

आणि उतारेही बदलले पाहिजेत. वर्षानुवर्षे त्याच त्या छापील पुस्तकांतून घेतलेले उतारे यंत्राच्या दप्तरात कधीच जमा झालेले आहेत. त्याऐवजी ग्रामसभेचे इतिवृत्त, पाणीवाटपाचा ठराव, एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलेली १९७२ च्या दुष्काळाची आठवण, असा अस्सल, कुठेही न छापलेला मजकूर विद्यार्थ्यांनी गावात जाऊन, संबंधितांच्या संमतीने मिळवावा आणि त्याचे भाषांतर करावे. राळेगणला येणाऱ्या परप्रांतीय आणि परदेशी अभ्यासकांच्या हाती तालुक्यातल्याच मुला-मुलींनी केलेली, गावकऱ्यांकडून तपासून घेतलेली इंग्रजी, जर्मन, जपानी टिपणे पडावीत, आणि खाली ती करणाऱ्यांची नावे असावीत. पारनेर आणि नगर येथील महाविद्यालयांच्या भाषाविभागांना माझी विनंती आहे, की येत्या सत्रात एका तरी वर्गाने हे काम हाती घ्यावे.